अकरा होड्यांचा उन्हाळा



मागच्या महिन्यात आपण सुट्टीतल्या मुलींच्या खेळांवर बोलत होतो. खो-खो झाला, कबड्डी झाली, मल्लखांब झाला, आणि बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की मी एक अख्खा उन्हाळा शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत काढला आहे. रेकॉर्डिंग करणाऱ्या दोघी पोरी हसायलाच लागल्या. मोझरीची बाई आणि शिडाची होडी! एकीनं विचारलं, "मॅडम, वर्धा नदीत का?" नाही गं बाई. वर्धा नदीत मे महिन्यात शर्यत लावायची तर आधी टँकरनं पाणी आणून ओतावं लागेल. मुंबईच्या समुद्रात. नंतर तीन-चार जणींचे निरोप आले की हे नीट सांगा. म्हणून आज सांगते.

गोष्ट २०१० सालची. यांची बदली मुंबईला झाली होती आणि कुलाब्याला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. मी इथल्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची, ती नोकरी सोडून गेले. दोन खोल्या, खाली समुद्र, आणि दिवसभर करायला काही नाही. संध्याकाळी फिरायला गेटवेच्या बाजूला जायची. तिथं एका क्लबच्या फळ्यावर एक दिवस चिठ्ठी दिसली: होडीवर जोडीदार पाहिजे, पोहता आलं पाहिजे, वजन पन्नास ते साठ किलो. मी तीनदा वाचली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं वजन चांगल्या कारणासाठी विचारत होतं.

चिठ्ठी लिहिणारी बाई बँकेत नोकरीला होती, गिरगावात राहायची, वय पन्नाशीच्या पुढं. मी तिला ताई म्हणायची, आजही म्हणते. ताईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "पोहणं कुठं शिकलीस?" म्हटलं, अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. शारीरिक शिक्षणाची पदवी तिथलीच, तलावही तिथलाच. तिनं तरीही मला कपड्यांसकट पन्नास मीटर पोहून दाखवायला लावलं. बरोबरच होतं ते.

इथं जरा थांबते, कारण पोहण्याशिवाय पुढचं काहीच नाही. आपल्याकडं मुलगी पोहायला शिकली तर लोक विचारतात, तिला काय करायचं पोहून? नदीवर धुणं मात्र तीच नेते. विहिरीवर तीच वाकते. गणपती शिरवताना, कावड भरताना काठाशी तीच उभी असते. पाण्याशी सगळ्यात जास्त काम बाईचं, आणि पाण्यात पडल्यावर काय करायचं ते मात्र पोराला शिकवायचं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. आणि कोणी म्हणेल की आपण समुद्रापासून एवढं लांब, तर भोपाळचं पाहा. बैतूलवरून गेलं तर भोपाळ आपल्याला मुंबईच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर पडतं. तिथंही समुद्र नाही, मोठा तलाव आहे, आणि त्या तलावावर शिडाच्या होड्यांची शाळा आहे. देवास जिल्ह्यातल्या अमलाताज गावची नेहा ठाकूर तिथं शिकली. शेतकऱ्याची मुलगी. हांगझोऊच्या एशियाडमध्ये, २०२३ च्या सप्टेंबरात, तिनं रौप्यपदक आणलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिच्या आधी २०१८ साली जकार्ताला हर्षिता तोमरनं कांस्यपदक घेतलं, तेही ज्या गटात मुलं आणि मुली एकत्र उतरतात त्या गटात. हर्षिता नर्मदेकाठच्या होशंगाबादची. यातली एकही कोळीवाड्यात जन्मली नव्हती.

तर होडीकडं येते.

आमची होडी एंटरप्राइज जातीची. लांबी चार मीटर, म्हणजे आपल्या बैलगाडीला जू-धुरी धरून जेवढी जागा लागते साधारण तेवढी. दोन शिडं, दोन्ही निळी. या जातीची शिडं निळीच असतात, त्यामुळे लांबूनही ओळखू येतात. होडी दोघांची. मागं बसते ती सुकाणू धरते आणि मोठ्या शिडाचा दोर सांभाळते, ती ताई. पुढं बसते ती छोटं शीड ओढते, होडीच्या पोटातून पाण्यात सोडलेली फळी वरखाली करते, आणि वाऱ्यानं होडी कलली की काठावर बसून, पाय पट्ट्यात अडकवून, अंग मागं पाण्यावर झोकून देते, म्हणजे होडी सपाट राहते. ती मी. म्हणून वजन विचारलं होतं. दोघींचं मिळून एकशे वीसच्या आसपास भरायचं, आणि वारा जोरात असला की ताई म्हणायची, "आज घरून दोन पोळ्या जास्त खाऊन यायच्या होत्यास."

मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी काठी असते, तिला बूम म्हणतात. होडी वळली की ती या बाजूची त्या बाजूला जाते, आणि मध्ये डोकं असलं तर डोक्याला घेऊन जाते. पहिल्या दिवशी मला दोनदा लागली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवसापासून वळायच्या आधी मान आपोआप खाली जायला लागली. घरी स्वयंपाक करताना हे मागून आले तरी मी वाकायची.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून तिरपं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरपं जायचं. चिखलदऱ्याचा घाट जसा चढतो तसं. सरळ वर कोणी जात नाही, वळणं घेत घेत जातो. शर्यतीत पहिला बोया मुद्दाम वाऱ्याच्या दिशेला ठेवतात, म्हणजे प्रत्येकीला हा घाट चढावाच लागतो. आता कोणती कधी वळते, कोणती डावीकडून जाते, कोणती उजवीकडून, यावर सगळं ठरतं. अकराच्या अकरा होड्या सारख्याच, शिडं सारखीच. फरक फक्त बसणाऱ्यांचा.

आणि इथं, बायांनो, माझ्या कामी काय आलं सांगू का? खळं.

माझं माहेर शेतकऱ्याचं. लहानपणी तुरीचं, ज्वारीचं खळं झालं की आई तिवईवर चढायची आणि मी खालून टोपलं भरून द्यायची. वारा नसला की सगळ्या थांबायच्या. आई गप्प उभी राहायची, टोपलं डोक्यावर, आणि एकदम म्हणायची, "दे, आला." तो यायच्या आधी तिला कसा कळायचा? मी विचारलं होतं. ती म्हणाली, गालाले लागते. शिवाय लांबच्या पऱ्हाटीची पानं आधी हलतात, मग बांधावरचं गवत, मग आपण. दिशा अर्ध्या हातानं जरी बदलली तरी भुसा दाण्यावर पडतो, म्हणून तिचं सगळं लक्ष गालाकडं.

मुंबईला उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून जमिनीकडं वारा येतो, तो खारा वारा. शाळेत भूगोलात आपण सगळ्या पाठ करतो, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. मी पाठ केलं होतं, मुलींना सांगितलंही होतं, पण तो अकरा-बारा वाजता कुठून तरी सुरू होतो आणि तीन-चारला भरात येतो हे अंगावर घेतल्याशिवाय कळलं नव्हतं. त्यात गेटवे मुंबईच्या पूर्व अंगाला. वारा येतो पश्चिमेकडून, म्हणजे सगळं शहर ओलांडून, इमारतींच्या फटींतून. सारखा येत नाही, झुळका येतात. झुळूक येते तिथं पाणी काळपट दिसतं, बारीक सुरकुत्या पडल्यासारखं. मी पुढं बसलेली, माझ्या हाताला काम कमी आणि डोळ्याला जास्त. पहिल्या पंधरा दिवसांतच मी ताईला सांगायला लागले, "उजवीकडून येतोय, दहा मोजा." ती मोजायची, आणि आठ-नऊवर होडी कलायची. तिला वाटलं, मला काही विद्या येते. मी म्हटलं, ताई, उपणणी येते.

शर्यतीची सुरुवात मात्र अगदी वेगळी, ती कळायला वेळ लागला. आपल्याकडं तळेगाव दशासरचा शंकरपट तुम्ही पाहिला असेल. तिथं बैलजोडी रेषेवर उभी राहते आणि इशारा झाला की सुटते. तिथं बायाही धुरकरी होऊन उतरतात. मला वाटलं हेही तसंच असेल. पण होडीला उभं राहता येत नाही. ब्रेक नाही. म्हणून पाच मिनिटं आधी भोंगा होतो आणि झेंडा चढतो, चार मिनिटं राहिली की दुसरा झेंडा, एक मिनिट राहिलं की तो उतरतो, आणि या पाच मिनिटांत अकराही होड्या दोन खुणांमधल्या, न दिसणाऱ्या रेषेच्या मागं घिरट्या घालत राहतात. शेवटच्या भोंग्याला रेषेवर आणि वेगात असलं पाहिजे. एक सेकंद आधी गेलात तर परत वळून यायचं, पाच सेकंद उशीर झाला तर दुसऱ्यांच्या शिडांचा उष्टा वारा खायचा. ताई घड्याळाकडं बघायची आणि मी शेजारच्यांकडं. सगळे एकमेकांवर ओरडत असतात. चांगली शिकलीसवरलेली माणसं, डॉक्टर, वकील, पण त्या पाच मिनिटांत भाजीबाजार बरा.

गुणांचंही उलटंच. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अकराव्याला अकरा. शर्यत पुरी केली नाही की बारा. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी तो पहिला. आमच्या उन्हाळ्यात मार्च ते मे चौदा शर्यती होत्या आणि त्यातल्या सगळ्यात वाईट दोन वजा करायची सोय होती. हे गणित ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्याच आठवड्यात एक फजिती झाली. अमावास्येला दोन दिवस होते. वारा मंद, आम्ही वरच्या बोयाकडं छान निघालेलो. शिडं फुगलेली, नाकाशी पाणी कापल्याचा आवाज, मी खूश. अर्ध्या तासानं ताई म्हणाली, "काठाकडं बघ." बघते तर मघाशी जी जुनी बार्ज आमच्या बाजूला होती ती अजून बाजूलाच. उलट थोडी पुढं गेलेली. ओहोटी आम्हाला मागं नेत होती. आम्ही पाण्यावर पुढं जात होतो आणि पाणी आम्हाला घेऊन समुद्राकडं जात होतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं, एवढं सगळं पाणी सहा तासांत बाहेर जायचं तर ओढ असणारच. जुन्या खलाशांच्या दोन होड्या मात्र काठाला चिकटून, उथळ पाण्यातून पुढं निघून गेल्या. तिथं ओढ कमी.

तेव्हा ताईनं मला कोकणातला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकत जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची ओढ कमी. मी एकादशी-संकष्टी पाहायला पंचांग घरी ठेवलेलंच होतं. त्या दिवसापासून ते शर्यतीसाठीही उघडायला लागले. संकष्टीला उपास आहे म्हणून साबुदाणा भिजवायचा आणि तीनला भरती आहे म्हणून पहिल्या बोयाकडं कुठून जायचं तेही ठरवायचं.

एप्रिलमध्ये आमच्या दोन शर्यती वाया गेल्या. एकीत छोट्या शिडाचा दोरच तुटला. दुसरीत होडी उलटली. माझीच चूक, वळताना दोर सोडायचा तो मी घट्ट धरून ठेवला. क्षणात आकाश खाली आणि समुद्र वर. खारं पाणी नाकात गेलं, शीड अंगावर, आणि त्या हिरव्या अंधारात मला आपल्या व्यायाम मंडळाच्या सरांचा आवाज ऐकू आला की आधी श्वास सोडा, मग हात मारा. बाहेर आले तर ताई होडीच्या उलट्या पोटावर चढून बसलेली आणि मला रागावत होती, "टोपी कुठं गेली माझी?" पाण्यातल्या फळीवर उभं राहून, वजन टाकून होडी सरळ करायची असते, ते झालं. पण एंटरप्राइज सरळ झाली तरी काठोकाठ भरलेली असते. प्लास्टिकच्या डब्यानं उपसता उपसता शर्यत संपून गेली. बारा गुण. दोराचे बारा आणि हे बारा, वजा करायच्या आमच्या दोन्ही शर्यती एप्रिलमध्येच संपल्या.

ताई शिडं बांधताना गोष्टी सांगायची. १९८२ चं एशियाड दिल्लीला झालं पण शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या, हे मला तिच्याकडून कळलं. त्यात एंटरप्राइजचं सुवर्ण पाकिस्तानच्या एका नवरा-बायकोनं नेलं, बायराम आणि गोश्पी आवारी. एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणारी गोश्पी ही त्यांच्या देशातली पहिली बाई, आणि तेही आमच्याच पाण्यात, आमच्याच जातीच्या होडीवर. ताई हे दर वेळी सांगताना शेवटी म्हणायची, "नवरा-बायको चार मीटरच्या होडीत, आणि तरी सुवर्ण." आणि एकटीच हसायची.

त्याच मे महिन्यात नौदलाचे दिलीप दोंदे मुंबईला परतले. ऑगस्ट २००९ मध्ये निघून, एकट्यानं, शिडाच्या बोटीनं सगळ्या पृथ्वीला फेरी मारून. एकट्यानं असं करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई त्यांची बोट, गोव्यात दिवाडीला बांधलेली. त्या आठवड्यात क्लबात दुसरा विषय नव्हता. पुढं सात वर्षांनी, २०१७ च्या सप्टेंबरात, नौदलाच्या सहा मुली तारिणी घेऊन गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ ला तशीच फेरी पुरी करून आल्या, तेव्हा मी मोझरीला टीव्हीसमोर बसून शेजारणींना बूम कुठली ते दाखवत होते.

आता जे सांगायला मी खरं तर आज इथं आले ते सांगते.

या खेळात पंच होडीवर नसतो. एक समितीची बोट असते, ती सुरुवात आणि शेवट बघते. मधल्या सगळ्या पाण्यात तुम्ही आणि तुमचे नियम. नियम बरेच आहेत. वारा उजव्या अंगानं घेणाऱ्या होडीला डाव्या अंगानं घेणारीनं वाट द्यायची. मोठी चूक झाली तर शिक्षा दोन गिरक्या, आणि बोयाला धक्का लागला तर एक. गिरकी म्हणजे होडी जागच्या जागी पूर्ण गोल फिरवायची, लगेच. कोणी सांगायची वाट बघायची नाही. होडीचाच धक्का पाहिजे असंही नाही, शीड लागलं, दोर लागला, बसलेल्याचं अंग लागलं, तरी तो धक्काच.

मे महिन्यातली बारावी शर्यत. आम्ही चांगल्या चाललो होतो. तोपर्यंतचा हिशेब असा होता की शेवटपर्यंत नीट राहिलो तर अकरा होड्यांत तिसऱ्या. ताई अठरा वर्षं त्या क्लबात होती आणि तिच्या घरी एकही ढाल नव्हती. ती कधी बोलली नाही, पण मी तिच्या घरी गेलेली, काचेच्या कपाटात बँकेची दोन मानचिन्हं आणि एक रिकामा खण पाहिलेला.

वरचा बोया घेताना आम्ही तिसऱ्या होतो. मागं दोन होड्या टेकलेल्या. ताईनं अगदी जवळून वळवलं, मी बाहेर झुकलेली, आणि माझा डावा कोपरा बोयाला घासला. नारंगी रबरी बोया, शेवाळलेला. कोपऱ्याला चिकट ओलं लागलं. ताई शिडाकडं बघत होती. मागच्या होडीतले त्यांच्या शिडामागं. कोणी पाहिलं नाही.

मी काही बोलले नाही.

विचार करून गप्प बसले असंही नाही. तोंड उघडलं होतं. पण एक गिरकी म्हणजे मागच्या दोन होड्या पुढं जाणार, हे दिसत होतं, आणि तो रिकामा खणही दिसत होता, आणि तेवढ्यात ताई ओरडली, "फळी वर घे!" मी फळी वर घेतली. मग ते सांगायची वेळ निघून गेली असं मी मला सांगितलं. आम्ही तिसऱ्या आलो. ताईनं मला चहा पाजला, बन-मस्का खाऊ घातला.

घरी आल्यावर तो कोपरा मी तीनदा साबणानं धुतला. हे हसण्यासारखं आहे, मलाही माहीत आहे. आपल्या गुरुकुंजात संध्याकाळच्या प्रार्थनेला लहानपणापासून बसलेली मी, आणि त्या चार दिवसांत क्वार्टरमध्ये दिवा लावून बसले की मन लागायचं नाही. शाळेत मुलींना किती वेळा सांगितलं होतं, खो-खोत हात लागला तर स्वतः बसा, पंचाकडं बघू नका. बुधवारी रात्री यांना सांगितलं. ते म्हणाले, "कोपराच ना? सोड." गुरुवारी दुपारी मी बँकेत गेले आणि ताईला तिच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं.

मला वाटलं होतं ती म्हणेल, शाबास, खरं बोललीस. तसं काही झालं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मग एक कागद ओढला, क्लबच्या समितीला दोन ओळी लिहिल्या की बाराव्या शर्यतीत आमच्या होडीचा बोयाला स्पर्श झाला होता, शिक्षा घेतली नव्हती, म्हणून आम्ही त्या शर्यतीतून माघार घेत आहोत. सही केली. आणि मला म्हणाली, "तिथंच सांगितलं असतंस तर एक गिरकी. दोन होड्या गेल्या असत्या, पाच गुण झाले असते. आता बारा." बस. "तू जा आता, मला गिऱ्हाईक आहे."

शनिवारी होडी खाली उतरवताना ती माझ्याशी कामापुरतं बोलली. दोर दे. फळी खाली. वारा कुठं? मी वारा सांगत राहिले. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या आलो. शेवटच्या शर्यतीत पाचव्या.

महिनाअखेरीस पाऊस यायच्या आत होड्या पाण्याबाहेर काढतात. शिडं गोड्या पाण्यानं धुवायची, मीठ निघेपर्यंत, आणि सावलीत वाळवायची. आम्ही दोघी गच्चीवर शिडांची टोकं धरून उभ्या होतो, जशा आपण सतरंजीची घडी घालतो, आणि खाली फळ्यावर निकाल लागला. तिसऱ्या होडीचे चोपन्न गुण. आमचे अठ्ठावन्न. मी मनात वजाबाकी केली. बाराऐवजी पाच धरले तर एक्कावन्न. ताईनंही केली असणार, ती बँकेतली. पण दोघीही काही बोललो नाही, घडी घातली.

जूनमध्ये मोझरीला आले. आत्याबाई अंगणात सांडगे वाळवत होत्या. त्यांना आधीच सगळं कळलं होतं. म्हणाल्या, "काय वं बाई, इथं नळाले आठ दिवसांनी पाणी येते, अन् तू पाण्यात खेळायले जातं!" मग मी त्यांना सगळं सांगितलं, कोपऱ्यासकट. त्या सांडगे उलटवत ऐकत होत्या.

"मंग नंबर कितवा आला?"

"चौथा."

"होड्या किती होत्या?"

"अकरा."

"मंग खराब नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन् त्या बाईचा राग गेला का?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. सगळा पावसाळा, दिवाळी, संक्रांत गेली, तिचा फोन नाही, माझी करायची हिंमत नाही. पुढच्या वर्षी मी कुलाब्यालाच होते, होळीच्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला. नाव-गाव, कशी आहेस, काही नाही.

"वजन तेवढंच आहे ना?"

मी म्हटलं, "दोन किलो वाढलं, ताई."

"चालेल," ती म्हणाली. "यंदा वारा जास्त आहे. शनिवारी दोनला ये."